उसनवारीने भाषा मरत नाही

भाषा कशाने मरते, याबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे. परके शब्द शिरले की भाषा बाटते, बाटली की बिघडते आणि बिघडत बिघडत एक दिवस संपते. मराठीची काळजी वाहणारे हे इंग्रजीबद्दल बोलतात, कधी फारसी-अरबी शब्दांबद्दलही. उर्दूची काळजी वाहणारे हिंदी, मराठी आणि इंग्रजीकडे बोट दाखवतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. पालकांची तक्रार असते की पोरगं ना धड उर्दू बोलतं, ना धड मराठी. शिक्षकांच्या खोलीत सल्ला मिळतो की घरची खिचडी भाषा आधी सोडवा, मग व्याकरण शिकवा.

हा समज मला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगायला आपल्या घरातले उदाहरण घेतले तर चर्चा लगेच अस्मितेवर जाते, आणि मग कोणी कोणाचे ऐकत नाही. म्हणून मी दूरचे उदाहरण घेते. एक भाषा जवळजवळ तीन हजार वर्षे शेजाऱ्यांकडून उसने घेत आली आणि तरी जगली. आज ती खरोखर मरणाच्या दारात आहे, पण त्याचे कारण उसनवारी नाही.

ही भाषा म्हणजे अरामी. हजरत ईसा अलैहिस्सलाम ज्या भाषेत बोलत, ती. त्याआधी ती इराणच्या हखामनी बादशाहांच्या दफ्तराची भाषा होती, मिसरपासून आजच्या अफगाणिस्तानापर्यंत. कंदहारला 1958 साली सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. अशोकाचे वायव्येकडचे काही लेख ज्या खरोष्ठी लिपीत आहेत, ती लिपीही अरामी लिपीवरूनच घडली. यहुद्यांचा बाबिलोनी तालमूद बहुतांशी अरामीत आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चची सुर्यानी ही तिचीच साहित्यिक शाखा. आपल्या केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ती आजही ऐकू येते.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना वाटेल की हे सगळे यहुदी-ख्रिस्ती प्रकरण आहे, त्यात आपले काय? हदीसच्या वाचकांना हजरत ज़ैद बिन साबित आठवतील. प्रेषितांनी त्यांना सुर्यानी शिकायला सांगितले होते, अशी रिवायत आहे. तिर्मिज़ीतल्या रिवायतीत यहुद्यांचे लिखाण शिकण्याचा उल्लेख येतो आणि ते अर्ध्या महिन्यात शिकल्याचे सांगितले आहे. ज्यांनी पुढे कुरआनाच्या संकलनाचे काम केले, त्यांनी शेजाऱ्याची भाषा हुकमाने शिकलेली होती. इमाम जलालुद्दीन सुयूती 1505 साली वारले. कुरआनात अरबीबाहेरून आलेल्या शब्दांवर त्यांची स्वतंत्र पुस्तिका आहे. त्यात त्यांनी शब्दांची भाषावार विभागणी केली: हबशी, फारसी, सुर्यानी, नबती, इब्रानी, आणि चक्क हिंदी. सगळ्या उलेमांना हे पटलेले नव्हते. इमाम शाफईंचे मत याच्या उलट होते. पण वाद खुलेपणाने झाला आणि कोणाचा ईमान त्याने धोक्यात आला नाही.

याच विषयावरचा आधुनिक काळातला महत्त्वाचा ग्रंथ आर्थर जेफ्री यांचा. तो 1938 साली छापला गेला तो लंडनला किंवा काहिरात नाही, तर बडोद्यात, गायकवाड प्राच्यग्रंथमालेत. मराठी राजघराण्याच्या आश्रयाने चालणाऱ्या मालेत कुरआनातल्या सुर्यानी शब्दांचा अभ्यास छापला जातो, ही गोष्ट मला फार आवडते. आपण 'सलात' आणि 'जकात' अरबी-उर्दू पद्धतीने जुन्या वळणात लिहितो, तेव्हा मध्ये वाव येतो आणि उच्चार मात्र 'आ' होतो. मुले हमखास विचारतात, "टीचर, वाव लिहायचा तर वाचायचा का नाही?" अनेक अभ्यासकांच्या मते हे वळण अरामीकडून आले आहे. उत्तर इराकमधल्या ख्रिस्ती खेड्यांत प्रार्थनेला आजही 'स्लोथा' म्हणतात आणि तिथे तो 'ओ' स्पष्ट ऐकू येतो. सणाला त्यांचा शब्द 'एदा', आपला 'ईद'. भेटल्यावर ते 'श्लामा लोख' म्हणतात. त्याचा अर्थ सांगायची गरज नसावी.

आता आजच्याकडे येऊ. अरामी एकच अशी राहिलेली नाही, तिच्या कितीतरी बोली झाल्या. दमास्कसच्या ईशान्येला डोंगरात मालूला, बख्अ आणि जुब्बअदीन अशी तीन गावे आहेत. पश्चिमेकडच्या अरामीपैकी एवढेच उरले. वर्तमानपत्रांत नेहमी मालूलाचे नाव येते, कारण तिथे मठ आहेत आणि वस्ती मुख्यतः ख्रिस्ती आहे. बख्अ आणि जुब्बअदीन ही मुसलमानांची गावे आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. तिथले सुन्नी मुसलमान नमाज अरबीत पढतात, शाळा अरबीत शिकतात, बाजार अरबीत करतात, आणि घरात हजरत ईसांच्या भाषेची लेक बोलतात. धर्म बदलला, म्हणून त्यांनी भाषा टाकली नाही. चारी बाजूंनी अरबी. या बोलीत अरबी शब्द इतके की मोजता येऊ नयेत. तरी ती अरबी झाली नाही.

तुर्कस्तानच्या आग्नेयेला तूर अब्दीनच्या पठारावर तुरोयो बोलली जाते. इराणात अहवाझ आणि खुर्रमशहरच्या मंदाई लोकांची एक बोली आहे. कुरआनात साबिईन म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, ते हेच, असे अनेकांनी मानले आहे. ही बोली बोलणारे आता काही शेच असतील. आणि सगळ्यात मोठा गट उत्तर इराक, वायव्य इराण आणि लगतच्या तुर्कस्तानातला. केंब्रिजचे प्राध्यापक जेफ्री खान यांनी आयुष्याचा मोठा भाग या गटाच्या नोंदींत घालवला. त्यात सुमारे दीडशे बोली मोजल्या जातात. जवळजवळ गावागणिक एक, आणि कधी एका गावात दोन. उर्मिया, सनंदज, सुलेमानिया या शहरांत ख्रिस्ती आणि यहुदी दोघेही अरामी बोलत, पण एकाची अरामी दुसऱ्याला कळत नसे. बाजारात भेटले की दोघे कुर्दीत किंवा अझेरी तुर्कीत बोलत, म्हणजे मुसलमान शेजाऱ्याच्या भाषेत. मला यातला हा तपशील सगळ्यात बोलका वाटतो. भाषेची वाटणी एका गल्लीत झाली होती, आणि उसनवारी मात्र दोघांनी एकाच दुकानातून केली.

काय काय उसने घेतले? शब्द तर घेतलेच. उर्दू किंवा मराठी येणाऱ्या माणसाला या बोलींच्या शब्दकोशात ओळखीचे चेहरे भेटत राहतात: खब्रा म्हणजे शब्द, आपल्या 'खबर'वरून, दुन्ये म्हणजे जग, बल्की, हीच, अगर, चारा. प्रत्येक बोलीत उच्चार आणि अर्थ थोडे सरकलेले, पण वंश तोच. सुलेमानिया आणि हलबजाच्या यहुद्यांच्या बोलीत तर निम्म्याहून अधिक नामे बाहेरची, बहुतेक कुर्दी. आपल्या शुद्धिप्रेमी मंडळींच्या हिशेबाने ही भाषा केव्हाच मेलेली असायला हवी होती.

शब्द घेणे ही तशी वरवरची गोष्ट. या बोलींनी शेजाऱ्यांकडून व्याकरणही घेतले. सोरानी कुर्दीत एखादी ठरावीक वस्तू सांगायची तर शब्दाच्या शेवटी 'अका' लागतो. सुलेमानियाच्या यहुद्यांनी तो प्रत्यय उचलला. घराला त्यांचा शब्द 'बेला'. हा मूळचा 'बैता', म्हणजे आपल्या बैतुल्लाहमधला 'बैत'. त्या बाजूच्या बोलींत मधला 'थ' घसरून 'ल' झाला. आणि 'ते घर' म्हणायचे तर 'बेलाके'. अर्धा शब्द अरामी, शेपूट कुर्दी. क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायची सवयही त्यांनी तिथूनच लावून घेतली. उर्मियाच्या ख्रिस्ती बोलीत एखादा शब्द सबंध जाड उच्चारायचा, तर एखादा सबंध पातळ, असा रिवाज पडला. त्यावर अझेरी तुर्कीच्या शेजाराची छाप आहे.

पण खरी गंमत भूतकाळात आहे. ती समजायला मराठी माणसाला भाषाशास्त्राची गरज नाही. आपण म्हणतो, मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली. खाणारी मीच, पण क्रियापद आंब्याच्या किंवा भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलते. उर्दूतही तसेच, मैंने आम खाया, मैंने रोटी खाई. 'मी गेले' म्हणताना मात्र क्रियापद माझ्यामागे येते. कुर्दी बोलींतही भूतकाळाला अशी वेगळी वागणूक मिळते. अरबी किंवा इब्रानी भाषेत असे काही नाही. सामी घराण्यातल्या भाषांचा हा रिवाजच नव्हे. आणि तरी ईशान्येकडच्या अरामी बोलींत 'मी खाल्ले' हे 'खिल-ली' असे होते. 'खिल' म्हणजे खाल्लेले आणि 'ली' म्हणजे मला, अरबीतला 'ली'च. शब्दशः 'मला खाल्लेले'. (मराठीतल्या 'ल'शी याचे नाते नाही. योगायोग आहे. आणि 'खिल्ली'शी तर मुळीच नाही, वर्गात हसू होऊ नये म्हणून आधीच सांगते.) कर्म स्त्रीलिंगी असेल तर त्याची खूण क्रियापदात येते. सुलेमानिया, सनंदजच्या यहुदी बोलींत 'मी उभा राहिलो' यासारख्या अकर्मक क्रियांना वेगळे प्रत्यय लागतात, अगदी आपल्या 'गेलो' आणि 'खाल्ले'सारखे. मिसरमध्ये सापडलेल्या इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अरामी कागदांत 'मला ऐकलेले' अशा धर्तीची रचना दिसते, आणि अभ्यासक तिचा संबंध जुन्या फारसीशी जोडतात. म्हणजे शेजाऱ्याचे व्याकरण घरात येऊन अडीच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात तो पाहुणा राहिला नाही, घरचाच झाला.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात जी दख्खनी बोलली जाते, तिच्याबद्दल दोन वाक्ये बोलते. 'मइच गया था', 'अइसाइच है' यातला 'च' मराठीचा. 'नको' तर पूर्णच मराठी. उत्तरेकडचे उर्दूवाले यावर हसतात आणि मराठीवाल्यांना यात आपले काही आहे हे दिसतच नाही. 'बेलाके' म्हणणाऱ्या यहुदी बाईने जे केले, तेच आमच्या आजी-पणजींनी केले. शेजारच्या घरातून साखर आणावी तसा जोर देण्याचा एक अव्यय आणला, आणि परत द्यायचे विसरल्या. मराठीने अरबी 'बदल' घेऊन 'बदलणे' केले, 'खर्च' घेऊन 'खर्चणे' केले. आलेल्या शब्दाला आपले प्रत्यय लावून कामाला जुंपणे हे भाषेच्या धडधाकटपणाचे लक्षण आहे. आजारी भाषेला ते जमत नाही.

मग अरामी मरते आहे ती कशाने?

दियारबकरच्या बाजूला म्लाहसो नावाचे गाव होते. तिथली बोली तुरोयोची बहीण, पण वेगळी. 1915 साली उस्मानी तुर्कांच्या राज्यात अर्मेनियन आणि सुर्यानी ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, त्यात हे गाव गेले. वाचलेले थोडे लोक इकडेतिकडे पांगले. जर्मन भाषातज्ज्ञ ओटो यास्ट्रो यांनी शेवटच्या बोलणाऱ्यांकडून तिची नोंद करून 1994 साली पुस्तक छापले. त्यानंतर काही वर्षांतच तिचे शेवटचे चांगले जाणकार वारले. या बोलीत कुर्दी-अरबी शब्द किती टक्के होते, याने तिच्या नशिबात काडीचाही फरक पडला नसता. तिला गावच उरले नाही.

त्या वर्षाला सुर्यानी लोक 'सैफो' म्हणतात. सैफो म्हणजे तलवार, अरबीतला 'सैफ'. आपण मुलांची नावे ठेवतो तो. 1915 मध्ये हक्कारीचे डोंगर, उर्मियाचे मैदान, तूर अब्दीन, सगळीकडे गावेच्या गावे उठली. 1933 च्या ऑगस्टमध्ये, इराक स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा सिमेले इथे इराकी लष्कराने असीरी लोकांना मारले. 1950-51 मध्ये इराकमधले बहुतेक सगळे यहुदी इस्राएलला निघून गेले. कुर्दी डोंगरांतले अरामी बोलणारेही त्यांत होते. 1988 च्या अन्फाल मोहिमेत सद्दामच्या फौजेने कुर्दांची खेडी जमीनदोस्त केली, त्यांत ख्रिस्ती खेडीही होती. 1980 पासून खुर्रमशहर युद्धात उद्ध्वस्त झाले आणि मंदाई पांगले. तुर्की लष्कर आणि कुर्द बंडखोरांच्या लढाईत 1980-90 च्या दशकांत तूर अब्दीनची माणसे जर्मनी आणि स्वीडनला गेली. 2013 च्या सप्टेंबरात मालूलावर नुस्रावाल्यांनी हल्ला केला. 6 ऑगस्ट 2014 च्या रात्री दाइशच्या भीतीने कराकोश हे निनवेच्या मैदानातले सगळ्यात मोठे ख्रिस्ती शहर रिकामे झाले. जेफ्री खान यांनी कराकोशच्या बोलीचे व्याकरण 2002 साली छापले होते. बारा वर्षांनी त्या व्याकरणातली माणसे रस्त्यावर होती.

ही यादी वाचताना आपल्याला एक गोष्ट टाळता येणार नाही, आणि मला ती टाळायचीही नाही. मारणाऱ्यांत आणि हाकलणाऱ्यांत मोठा वाटा आपला कलमा पढणाऱ्यांचा होता. 'ते खरे मुसलमान नव्हते' हे वाक्य मी फार ऐकले आहे. त्याने मेलेल्याला काही मिळत नाही आणि आपल्यालाही नाही. त्याच वेळी हेही खरे की या भाषांना शब्द देणारे, व्याकरण देणारे, बाराशे-तेराशे वर्षे शेजारी राहिलेलेही मुसलमानच होते. 1915 मध्ये ऐन वर्दो गावाच्या वेढ्यात मध्यस्थी करून लोकांचे जीव वाचवणारे शेख फतहुल्लाह यांचे नाव सुर्यानी लोक अजून घेतात. शेजार ही गोष्ट दोन्हीही करू शकते. शब्दकोशात पहिल्या शेजाराचा पुरावा आहे आणि रिकाम्या गावांत दुसऱ्याचा. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत मोजले आहे. ती आयत आपण भाषणांत खूप वापरतो, बहुधा आपल्या भाषेसाठी. दुसऱ्याच्या भाषेसाठी ती वापरलेली मी क्वचित ऐकली.

गाव गेले की बोली कशी जाते, हेही समजून घेतले पाहिजे. ते एका दिवसात होत नाही. या बोली गावाच्या होत्या. गावातली माणसे शिकागोला, स्योडरटेल्येला, सिडनीला जातात. तिथे शेजारी आपल्या गावचा नसतो, दुसऱ्या अरामी गावचा असतो. लग्न त्याच्याकडे होते. मग नवरा-बायको दोघांना कळेल अशी मधली भाषा बोलतात आणि दोन्ही गावांच्या खास गोष्टी गळतात. मुलाला शाळेत इंग्रजी किंवा स्वीडिश. तो आईला त्याच भाषेत उत्तर देतो. आईही थकून तसेच बोलू लागते. नातवंडांकडे सणाचे चार शब्द आणि जेवणातले पदार्थ उरतात.

अशा वेळी भाषेवर प्रेम करणारी मंडळी काय करतात? बहुतेकदा शुद्धीकरण. उर्मियात 1840 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी छापखाना आणला आणि 1849 मध्ये 'ज़हरीरे द-बहरा', म्हणजे प्रकाशाचे किरण, हे नियतकालिक बोलीभाषेत काढले. त्याच अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशनने 1842 साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला होता. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात त्याचे स्थान आपल्याला माहीत आहे. उर्मियाचे ते पत्र 1918 पर्यंत चालले. तोवर लिहायचे ते जुन्या सुर्यानीत, बोलायचे ते बोलीत, असा नियम होता. तो मोडला आणि बायामाणसे वाचायला लागली. पुढे लेखकांच्या पिढीला वाटले की यात तुर्की, फारसी, कुर्दी शब्द फार आहेत, ते काढून जुन्या सुर्यानीतले घालावेत. त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण बोलणाऱ्याला आपल्याच भाषेचे पुस्तक वाचायला कोश लागला, की तो पुस्तक मिटतो. हे मी दहावीच्या मराठीच्या पुस्तकाबाबतही पाहते, फक्त तिथे परीक्षा असल्यामुळे मिटता येत नाही.

स्वीडनमध्ये 1980 च्या दशकात तुरोयो मुलांसाठी शाळेची पुस्तके झाली. सरकारने मातृभाषेचे तास दिले होते. पहिल्या पुस्तकाचे नाव 'तोखु क़ोरेना', म्हणजे या, वाचू या. लिपी लॅटिन घेतली, आणि रोजच्या वापरातल्या कुर्दी-अरबी शब्दांच्या जागी सुर्यानीतून काढलेले शब्द घातले. चर्चच्या लोकांना लिपी पटली नाही, आणि घरच्यांना शब्द. मालूलाची गोष्ट याहून कडू. तिथे दमास्कस विद्यापीठाच्या मदतीने अरामी शिकवणारी संस्था निघाली. चौकोनी अक्षरे निवडली, ती जुन्या अरामीचीच. पण ती इब्रानीसारखी दिसतात, म्हणून 2010 च्या सुमारास ओरड झाली आणि काम थांबले. काही वर्षांत गावावर तोफा धडधडल्या. अक्षरे कोणासारखी दिसतात हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नसेल.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो चुकीचा नाही. भाषा शेवटच्या टप्प्यात असते तेव्हा ती फार मिसळलेली दिसते. नातवंडे एका वाक्यात दहा परके शब्द वापरतात. मग मिसळ हाच रोग नव्हे का? मला वाटते, ताप आणि रोग यात जो फरक आहे तोच इथे आहे. मूल 'डाऊनलोड केलं' म्हणते तेव्हा 'केलं' मराठी आहे, काळ मराठी आहे, लिंग मराठी आहे. ते मूल मराठी बोलते आहे. त्याच मुलाने आजीला उत्तरच दिले नाही, किंवा उत्तर देताना त्याला क्रियापद सापडले नाही, तर मात्र काळजी करावी. आपण उलटे करतो. पहिल्या मुलाला टोकतो आणि टोकून टोकून त्याचे रूपांतर दुसऱ्यात करतो. टोकलेले मूल शुद्ध बोलू लागत नाही, गप्प होते. वर्गात माझ्यासमोर बसलेल्या साठ मुलांपैकी गप्प बसलेल्यांची मला काळजी वाटते.

इराकच्या 2005 च्या राज्यघटनेने सुर्यानीला तिचे लोक जिथे दाटीने राहतात त्या भागांत राजभाषेचा दर्जा दिला आहे. कुर्दिस्तानात 1990 च्या दशकापासून सुर्यानी माध्यमाच्या शाळा आहेत. कागदावर ही भाषा पूर्वी कधी नव्हती इतकी सुरक्षित आहे. पण 'दाटीने राहतात' या दोन शब्दांवर सगळे अडले आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये कराकोश दाइशकडून परत मिळाले आणि काही कुटुंबे घरी आली. बरीच आली नाहीत. जी आली, त्यांच्या सुरक्षिततेची, जमिनीची, नोकरीची हमी द्या, मग त्यांच्या बोलीत कितीही अरबी शब्द शिरोत, ती टिकेल. हमी नसेल तर जगातला सगळ्यात शुद्ध शब्दकोशही तिला वाचवणार नाही.

असा एक शब्दकोश माझ्या मनात आहे, पण तो शुद्ध मुळीच नाही. योना साबर 1938 साली इराकमधल्या झाखो गावात एका यहुदी कुटुंबात जन्मले. 1951 मध्ये कुटुंबासोबत इस्राएलला गेले. पुढे लॉस एंजलिसला प्राध्यापक झाले. झाखो, दिहोक, अमादिया आणि नेरवा इथल्या यहुदी बोलींचा कोश त्यांनी 2002 साली छापला. त्यात शब्दापुढे त्याचे मूळ नोंदवले आहे: अरबी, कुर्दी, तुर्की, फारसी, इब्रानी. साबरांनी त्यातला एकही शब्द परका म्हणून गाळला नाही, कारण आईच्या तोंडी तो होता. त्यांचा मुलगा एरिएल लॉस एंजलिसमध्ये वाढला. बापाच्या झाखोचा शोध घेत त्याने 2008 साली एक पुस्तक लिहिले. ते इंग्रजीत आहे.